अकरा बेचाळीसची नोंद

मंगळवारी दुपारी एक वाजता मावशींनी लशीचं कपाट उघडलं आणि पुढचं खोकं बाहेर ओढलं. ते एकटं आलं नाही. शेजारची दोन खोकी त्याला चिकटून आली, आणि तिन्हींवर बर्फाचा पांढरा थर होता.

लस चार अंशांवर ठेवायची असते. या जातीची लस एकदा गोठली की मेली. नंतर वितळवून टोचली तर बाळाला सुईचं दुखणं तेवढं मिळतं. इस्पितळाच्या औषध भांडारात सव्वीस वर्षं काढलेल्या मावशींना हे कोणी सांगायला नको होतं. त्या खोकं हातात धरून स्टुलावर बसल्या आणि मग अधीक्षकांना फोन लावला.

सव्वाला अधीक्षक आले. त्यांनी मोबाइलवर फोटो काढले, कारण फोटो काढणं म्हणजे काहीतरी करणं. पावणेदोनला संगणक विभागाचे प्रमुख आले. दोन वाजायच्या आत गुन्हेगार सापडला. इतक्या झटपट सापडलेला गुन्हेगार बहुधा शोधलेलाच नसतो, जवळ उभा असतो म्हणून पकडलेला असतो. पण हे सांगणार कोण आणि ऐकणार कोण?

पुरावा म्हणजे कपाटांचं तापमान सांभाळणाऱ्या संगणक यंत्रणेतली एक ओळ होती. मंगळवार, अकरा बेचाळीस. लशीचं कपाट, उणे वीस. बदल करणारी व्यक्ती, भांडारपाल.

भांडारपाल म्हणजे मावशी. त्यांच्या निवृत्तीला पाच महिने उरले होते. तीन जणांची चौकशी समिती बसली, वीस मिनिटांनी उठली आणि मावशी दोषी ठरल्या. निलंबनाचा हुकूम टाइप झाला, पोलिसांत द्यायची तक्रारही टाइप झाली. तक्रारीवर आरोग्य खात्याच्या तपासनीसाची सही लागते, एवढ्यासाठीच गुरुवारी तपासनीस बाईंना बोलावणं गेलं.

तपासनीस बाई अठ्ठावन्न वर्षांच्या. त्यातली एकोणीस वर्षं प्रयोगशाळेत रक्ताच्या नळ्या हाताळण्यात गेलेली. माणसांवर त्यांचा विश्वास बेताचाच होता, आणि यंत्रावर डोळे मिटून विश्वास ठेवणाऱ्या माणसांवर तर मुळीच नव्हता.

अधीक्षकांनी त्यांना खुर्ची दिली, पंखा वाढवला आणि कागद पुढे सरकवले. प्रकरण अगदी सरळ आहे, असं ते पाच मिनिटांत चार वेळा म्हणाले. वय झालं की माणसं चुकतात, पडद्यावर भलतंच बटण दाबतात, त्यात नवल नाही. संध्याकाळी पाचपर्यंत सही झाली तर बरं. नशीब एवढंच की मंगळवारी सकाळी सातला दोन बाहेरच्या दवाखान्यांना लशीचे बंद डबे गेले होते. गाडीवाल्याने पहारेकऱ्याकडून किल्ली घेऊन ते नेहमीसारखे थंड पेटीत भरून नेले. म्हणजे तेवढे अकरा बेचाळीसच्या आधीच निघाल्यामुळे वाचले. हे सांगताना अधीक्षकांचा चेहरा असा झाला, जणू ते डबे त्यांनीच वाचवले होते.

"कपाटात रात्रभर किती तापमान होतं त्याचा आलेख असेल ना?" बाईंनी विचारलं.

आलेख होता, पण आता नव्हता. मंगळवारी दुपारी तीनला यंत्रणेचं अपडेट झालं, त्यात जुने आकडे पुसले गेले. असं होतं म्हणे. प्रमुखांनी तसं सांगितलं होतं, आणि प्रमुखांनी सांगितलेलं तपासून बघण्याची अधीक्षकांना कधी गरज वाटली नव्हती.

"आणि धोक्याची घंटा? कपाट गोठेपर्यंत ती वाजली नाही?"

घंटा ठरवलेल्या तापमानापासून कपाट ढळलं तरच वाजते. ठरवलेलंच उणे वीस असेल तर उणे वीसला यंत्रणेच्या मते सगळं छान. पडद्यावर हिरवा ठिपका. पूर्वी कपाटाच्या दारावर आकडा दिसायचा, पण पडदा आल्यावर तो जुनाट ठरला आणि काढून टाकण्यात आला.

"छान," बाई म्हणाल्या. ज्यांनी त्यांना प्रयोगशाळेत पाहिलं होतं त्यांना हा शब्द ऐकून घाम फुटला असता.

मावशी भांडाराबाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. आत जायची त्यांना बंदी होती. सव्वीस वर्षं ज्या खोलीची किल्ली कनवटीला होती तिच्या दाराशी त्या पाहुण्यासारख्या बसल्या होत्या, आणि येणारेजाणारे त्यांच्याकडे न बघण्याची कसरत करत होते. त्यांची लेक याच इस्पितळात परिचारिका होती. कालपासून वॉर्डातल्या बायका तिच्याशी कामापुरतंच बोलत होत्या.

"लशीच्या कपाटाला मंगळवारी हात कधी लावलात?"

"एक वाजता. त्याआधी सोमवारी दुपारी तीनला उघडलं होतं, तेव्हा सगळं ठीक होतं."

"सकाळी सातला डबे गेले, ते तुम्ही नाही दिलेत?"

"मी नऊला येते. गाडीवाला सीलबंद खोकी उचलतो, पेटीत टाकतो, जातो. उघडून बघायचं त्याचं काम नाही."

"अकरा बेचाळीसला काय करत होता?"

"डीप फ्रीझर. दर मंगळवारचं काम आहे ते. साडेनऊला त्याला अधिक दहावर आणायचं, बर्फ सुटला की पुसायचा आणि पुन्हा उणे वीसला लावायचं. पडद्यावर कपाट निवडायचं आणि आकडा भरायचा. बस."

"निवडताना चूक झाली असेल?"

मावशींनी जरा विचार केला. खोटं बोलणारी माणसं इथे विचार करत नाहीत, हे बाईंना ठाऊक होतं.

"मी चष्मा लावून नाव मोठ्याने वाचते, मग बोट ठेवते. लेक हसते मला. आता तीच म्हणते, आई, राजीनामा देऊन टाक, निदान पोलीस तरी येणार नाहीत. मी म्हटलं, जे केलं नाही त्याचा राजीनामा कसला द्यायचा?"

बाईंनी समितीला हे सगळं सांगितलंत का, असं विचारलं. मावशी म्हणाल्या, मला कोणी काही विचारलंच नाही, नुसतं सही करायला बोलावलं.

भांडारात दोन कपाटं शेजारी शेजारी होती. एकाच कंपनीची, एकाच मापाची, आत एकच यंत्र. लावाल ते तापमान धरणारी. डावीकडे लशीचं, उजवीकडे डीप फ्रीझर. मंगळवारपासून दोन्हींना कोणी हात लावला नव्हता. बाईंनी डीप फ्रीझर उघडून बर्फाची एक पिशवी उचलली आणि फरशीवर आपटली. खणकन आवाज आला. सोबत आलेले अधीक्षक दचकले.

मग त्यांनी अधीक्षकांचा मोबाइल मागून मंगळवारचे फोटो बघितले. सव्वाला काढलेले. मधल्या खणातलं मधलं खोकं उघडलेलं होतं, आणि त्यातल्या मधोमधच्या कुप्यांनाही तडे गेले होते.

"कपाट किती भरलेलं होतं?"

"खचाखच. त्यामुळेच तर नुकसान एवढं मोठं."

बाईंनी नोंदींचा कागद मागवला. मंगळवारच्या दोनच ओळी होत्या. नऊ एकतीस, डीप फ्रीझर, अधिक दहा. अकरा बेचाळीस, लशीचं कपाट, उणे वीस. त्यांनी मागच्या मंगळवारचाही कागद मागितला. तिथेही दोनच. नऊ अठ्ठावीस, डीप फ्रीझर, अधिक दहा. अकरा पन्नास, डीप फ्रीझर, उणे वीस. बाईंनी दोन्ही कागद एकावर एक ठेवले, घडी घातली आणि पर्समध्ये टाकले.

तिसऱ्या मजल्यावर संगणक विभाग होता. तिथल्या प्रमुखांना सगळे महागुरू म्हणत; तोंडावर आदराने, आणि पाठीमागे तोच शब्द सूर बदलून. काचेची केबिन, तीन पडदे, भिंतीवर स्वतःचाच सत्कार होतानाचा फोटो. पुढच्या आठवड्यात ही यंत्रणा आणखी अकरा इस्पितळांत बसणार होती आणि महागुरू त्या सगळ्यांचे मुख्य सल्लागार होणार होते. हे त्यांनी बाईंना बसायला सांगण्याआधी सांगितलं.

"नोंद चुकू शकते का?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"तसं लेखी दिलंत?"

"दिलंय. माझ्या सहीने. बाई, तुम्हाला प्रोग्रॅमिंग येतं?"

"नाही. म्हणून विचारतेय. मला समजेल असं सांगा."

महागुरूंना हेच हवं होतं. न समजणाऱ्याला समजावण्यात जे सुख असतं ते त्यांना समजणाऱ्याशी बोलताना कधी मिळालं नव्हतं. ते सांगू लागले. प्रत्येक कपाटाचं तापमान एकेका व्हेरिएबलमध्ये असतं. व्हेरिएबल म्हणजे नाव लिहिलेला डबा समजा. एकाचं नाव लशीचं कपाट, दुसऱ्याचं डीप फ्रीझर. बदल झाला की तो आकडा नोंदीच्या फंक्शनकडे जातो. फंक्शन म्हणजे एक कामगार, दिलेली वस्तू घेऊन ठरलेलं काम करणारा.

"त्या कामगाराला काय मिळतं? डबा, की डब्यातला आकडा?"

"आकडा. नाव बाहेरच राहतं. सगळ्या जगात हीच अडचण आहे. म्हणून बाकीचे बिचारे आकड्यासोबत नाव वेगळं लिहून पाठवतात. दर वेळी, दर ठिकाणी. किती रटाळ काम."

"तुम्ही पाठवत नाही?"

"मला गरज नाही." महागुरू खुर्चीत मागे रेलले. "माझं फंक्शन आत बसून बाहेर डोकावतं. आपल्याला हाक कोणी मारली ते बघतं, त्याच्याकडच्या सगळ्या डब्यांवरून नजर फिरवतं आणि नाव स्वतः हुडकून काढतं. चाळीस ओळी. याच्यावर मी तीन ठिकाणी भाषण दिलंय."

"सोमवारी संध्याकाळी तुम्ही कुठे होता?"

विषय असा अचानक बदलल्याने महागुरूंच्या चेहऱ्यावरचं भाषण जरा अडखळलं. इथेच होतो, म्हणाले, साडेपाचपर्यंत. नोंद न होता तापमान बदलण्याची काही सोय आहे का? आहे, सर्व्हिस स्क्रीन. पण ती दुरुस्तीसाठी, आणि तिची किल्ली, म्हणजे पासवर्ड, दोघांकडेच. एक ते स्वतः. दुसरी बाहेर बसते ती, चाचणीवाली.

"ती कशी आहे?"

"चुका काढणं हेच तिचं काम, त्यामुळे स्वभावही तसाच झालाय. सोमवारी भांडलीही माझ्याशी. रागाच्या भरात माणूस काय करेल सांगता येत नाही." एवढं बोलून महागुरूंनी खेदाने मान हलवली. एक बळी हाताशी असताना दुसरा तयार ठेवण्याची दूरदृष्टी फार थोड्यांकडे असते.

चाचणीवाली तिशीची होती आणि केबिनच्या दाराकडे पाठ करून बसायची, त्यात बराच अर्थ होता. नवीन काही लिहिलं गेलं की ते मोडून बघायचं, हे तिचं काम. मोडलं की ती तक्रार लिहायची, आणि महागुरू ती तक्रार वाचायचे नाहीत.

"सोमवारी कशावरून भांडलात?"

"भांडले नाही हो. तीन महिन्यांपूर्वीची एक तक्रार पडून होती, ती बघा एवढंच म्हटलं. पुढच्या आठवड्यात अकरा ठिकाणी जाणार हे सगळं." तिने पडद्यावर तक्रार उघडून दाखवली. दोन कपाटांचं तापमान एकसारखं झालं तर नोंदीत कोणतं नाव येईल? तपासून पाहावे.

खाली उत्तर होतं. सोमवार, पाच वाजून पाच मिनिटं. प्रयोग केला. तसं काही होत नाही. तक्रार बंद.

बाईंनी ते उत्तर दोनदा वाचलं. प्रयोग करायचा तर कुठे करतात, असं त्यांनी विचारलं. सरावाची एक वेगळी प्रत असते, चाचणीवालीने सांगितलं. अगदी हुबेहूब, पण कपाटांना न जोडलेली. तिथे काहीही मोडा. खऱ्या यंत्रणेला वर हिरवी पट्टी होती आणि सरावाच्या प्रतीला पिवळी, म्हणजे घोटाळा नको. सरांनी दोन्ही पट्ट्या काढून टाकल्या. बालिश दिसतात म्हणाले.

"सरावाच्या प्रतीत शेवटचं कोण शिरलं होतं ते कळतं?"

कळत होतं. शेवटची नोंद मागच्या गुरुवारची, चाचणीवालीच्याच नावाची. त्यानंतर कोणीही नाही.

"सोमवारी तुम्ही किती वाजता गेलात?"

"साडेतीनला. मुलीच्या शाळेत पालकसभा होती, सहापर्यंत चालली. वर्गशिक्षिकेने हजेरीवर सही घेतली आहे. का?"

"अपडेट मंगळवारी ठरलेलं होतं?"

"छे. अपडेट महिन्याच्या पहिल्या रविवारी असतं. मंगळवारचं सरांनी एकट्यानेच केलं. मी विचारलं तर म्हणाले, तुला सगळं सांगायलाच हवं का?"

बाई उठल्या. शाळेत आणि दोन्ही दवाखान्यांत एकेक फोन केला. साडेचारला त्या अधीक्षकांच्या खोलीत गेल्या तेव्हा सोबत चाचणीवाली आणि मावशी होत्या. महागुरू आधीच बसले होते. सहीसाठी पेनचं टोपणही काढून ठेवलं होतं.

"सही करण्याआधी मला एक बघायचंय," बाई म्हणाल्या. त्यांनी चाचणीवालीला अधीक्षकांच्या संगणकावर सरावाची प्रत उघडायला सांगितली. "सर्व्हिस स्क्रीनवरून लशीचं कपाट उणे वीस करा. नोंद झाली?"

"नाही. तिथून होत नाही."

"आता नेहमीच्या पडद्यावर या. डीप फ्रीझर अधिक दहा करा. नोंद वाचा."

"डीप फ्रीझर, अधिक दहा."

"बरोबर. आता डीप फ्रीझरच उणे वीस करा. मावशी, तुम्ही बघताय ना? डीप फ्रीझरच निवडलंय?"

मावशींनी चष्मा लावला, मोठ्याने नाव वाचलं आणि मान हलवली. चाचणीवालीने आकडा भरला. पडद्यावर ओळ उमटली. अधीक्षकांनी ती वाचली आणि मग पुन्हा वाचली, कारण पहिल्यांदा त्यांचा डोळ्यांवर विश्वास बसला नाही.

लशीचं कपाट, उणे वीस.

बाईंनी पर्समधून दोन कागद काढले.

"चोर सोडून संन्याशाला फाशी कशी देतात ते सांगते. साहेब, तुमचे फोटो सव्वाला काढलेले आहेत. मावशींनी अकरा बेचाळीसला चूक केली असं धरलं, तर एक वाजेपर्यंत होतात एक तास अठरा मिनिटं. एवढ्या वेळात खचाखच भरलेल्या कपाटातल्या मधोमधच्या कुप्या तडकत नाहीत. एकोणीस वर्षं मी नळ्या गोठवल्यात. त्याला एक रात्र लागते. म्हणजे कपाट सोमवारी तीननंतर, पण रात्रीच्या आत गोठायला लागलं होतं.

"दुसरं. या कागदाप्रमाणे डीप फ्रीझर साडेनऊला अधिक दहावर गेला आणि परत आलाच नाही. मग आज त्यातली पिशवी दगडासारखी कशी? कोणीतरी त्याला उणे वीसवर आणलं, आणि ती ओळ कागदावर नाही. मागच्या मंगळवारी आहे, या मंगळवारी नाही. त्याच्या जागी काय आहे? अकरा बेचाळीस. समितीत तिघे होते. तिघांपैकी एकानेही दोन ओळी वाचल्या नाहीत. एकच वाचली, आणि ती सोयीची होती."

अधीक्षकांनी पेनचं टोपण लावलं.

"आता नाव का चुकलं ते. लाँड्रीवाल्याकडे पांढरा सदरा आला, चिठ्ठी नाही. साधा लाँड्रीवाला विचारेल, कोणाचा आहे? हे महागुरू विचारत नाहीत. ते इमारतीत जाऊन एकेका घराची कडी वाजवतात, तुमच्याकडे पांढरा सदरा आहे का? पहिला जो हो म्हणेल त्याच्या नावावर टाकतात. काखेत कळसा आणि गावाला वळसा. आकडे वेगवेगळे असेपर्यंत हे निभावलं. एकाकडे चार, दुसऱ्याकडे उणे वीस. पण मंगळवारी मावशींनी फ्रीझर उणे वीस केला तेव्हा फंक्शन नाव शोधत निघालं, आणि लशीच्या कपाटाची कडी आधी लागली. तिथे उणे वीस होतंच. आदल्या संध्याकाळपासून होतं.

"हे नीट ऐका, साहेब. लशीचं कपाट मावशींनी हात लावायच्या आधीच उणे वीसला नसतं, तर ही ओळ उमटूच शकली नसती. तुम्ही जिला पुरावा म्हणताय ती ओळच यांना निर्दोष ठरवते."

"मग केलं कोणी?" अधीक्षकांनी विचारलं. विचारण्यासारखं तेवढंच उरलं होतं.

"नोंद न होता बदल सर्व्हिस स्क्रीनवरूनच होतो. किल्ल्या दोन. एक किल्ली सोमवारी साडेतीन ते सहा शाळेत बसली होती, मी वर्गशिक्षिकेशी बोलले. दुसरी किल्ली पाच वाजून पाच मिनिटांनी लिहिते, प्रयोग केला. कुठे केला? सरावाच्या प्रतीत गुरुवारपासून कोणी फिरकलेलं नाही."

महागुरूंनी तोंड उघडलं. बाईंनी त्यांना बोलू दिलं नाही.

"दोन कपाटं सारखी करून बघायची होती, म्हणून यांनी लशीचं उणे वीस केलं. सरावाच्या प्रतीत आहोत असं समजून, खऱ्यात. पट्टी नव्हती ना वर, बालिश दिसत होती. मग पुढचा अर्धा प्रयोग करायचा कंटाळा आला. आपण कधी चुकलोय का, मग बघायचं कशाला? तक्रार बंद केली आणि घरी गेले. राहिलेला अर्धा प्रयोग दुसऱ्या दिवशी मावशींनी केला, काही माहीत नसताना. आणि उत्तर बरोब्बर तेच आलं, जे ही मुलगी तीन महिने विचारत होती."

"तांत्रिकदृष्ट्या," महागुरू म्हणाले, "ती एक अनवधानाने..."

"सोमवारचं अनवधान होतं. तेवढं असतं तर मी इथे आवाजही चढवला नसता. मंगळवारी पावणेदोनला तुम्ही ही ओळ बघितलीत. तिचा अर्थ या इमारतीत एकट्या तुम्हाला कळत होता. तुम्ही तीनला आलेख पुसलात आणि नोंद चुकू शकत नाही असं सही करून दिलंत. चाळीस ओळींची लाज वाचवायला सव्वीस वर्षं नोकरी केलेलं माणूस पोलिसांत द्यायला निघालात."

महागुरूंनी नाही म्हटलं नाही. केबिनबाहेर, तीन पडद्यांशिवाय ते फारच लहान दिसत होते.

अधीक्षकांनी घसा साफ केला. अकरा इस्पितळांचा प्रश्न आहे, हे आपल्यातच मिटवता आलं तर, म्हणजे मावशींचा हुकूम अर्थातच रद्द, पण बाहेर जाण्याची काही आवश्यकता...

"मंगळवारी सातला गेलेले डबे," बाई म्हणाल्या. "नशिबाने वाचले म्हणालात ते. कपाट सोमवारी संध्याकाळपासून गोठत होतं, साहेब. ते डबे गोठलेलेच गेले. दवाखान्यातल्या फ्रीजमध्ये रात्रभरात वितळले, आणि काल टोचले गेले. एकेचाळीस बाळं. त्यांच्या आयांना वाटतंय, लस झाली." त्या महागुरूंकडे वळल्या. "हेही तुम्हाला मंगळवारीच कळायला हवं होतं. एक फोन केला असता तर टोचणं थांबलं असतं. मला वाटतं, कळलंही असेल."

महागुरू एवढंच म्हणाले, की तिकडे माझं लक्ष गेलं नाही. ते खरं असावं. स्वतःवरून लक्ष हटवायला त्यांना सवडच नव्हती.

बाईंनी टाइप केलेली तक्रार घेतली, मावशींचं नाव खोडलं, तिथे दुसरं लिहिलं, आलेख पुसल्याची आणि खोट्या दाखल्याची दोन वाक्यं जोडली आणि खाली सही केली. पाचाला दहा कमी होते.

अधीक्षक मावशींकडे वळून मनाला लावून घेऊ नका, असं काहीतरी म्हणाले. मावशींनी ते ऐकलं की नाही कळलं नाही. त्या महागुरूंच्या समोर उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज साधाच होता, रोज खोकी मोजताना असतो तसा.

"कोणतं कपाट ते मला विचारायचं होतंत ना. मी पडद्यासमोरच बसले होते. सांगितलं असतं."



मावशींनी बाईंकडून दवाखान्यांनी दिलेल्या फोन नंबरांच्या याद्या मागून घेतल्या. आजच फोन व्हायला हवेत, म्हणाल्या, पुन्हा टोचायला कधी आणायचं ते डॉक्टरांना विचारून घेते. लेकीला वॉर्डातून बोलावून घेतलं. वीस नंबर तिला दिले, एकवीस स्वतःकडे ठेवले. अधीक्षकांच्याच टेबलावर बसून त्यांनी पहिला नंबर लावला. अधीक्षक उभेच होते, पण खुर्ची मागायचं धाडस त्यांना झालं नाही.

पलीकडून एका बाईने फोन उचलला. मागे मूल रडत होतं.

"मी इस्पितळातून बोलतेय, औषध भांडारातून. घाबरू नका, बाळाला काही झालेलं नाही, पण मला तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे, आणि त्यात चूक आमची आहे," मावशी म्हणाल्या. त्यांनी चष्मा सारखा केला आणि पेन उचललं. "आधी बाळाचं नाव सांगता का?"